शहरात नवे बेसबॉल स्टेडियम येणार असेल तर: प्रस्ताव कसा वाचावा, शेजाऱ्यांचे मत कसे ऐकावे आणि आपले म्हणणे कसे मांडावे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराला लागून कॉब काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा एक प्रशासकीय विभाग, आहे. अटलांटा ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ शहरातील टर्नर फील्ड सोडून आपल्या काउंटीत नवे स्टेडियम उभारणार असल्याचे तेथील रहिवाशांना ११ नोव्हेंबर २०१३ रोजी कळले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला काउंटीचा कारभार पाहणाऱ्या, लोकांनी निवडून दिलेल्या आयुक्त मंडळाने चार विरुद्ध एक अशा मतांनी प्रस्तावाला मान्यता दिली आणि सार्वजनिक तिजोरीतून ३० कोटी डॉलर घालण्याचे ठरले. बातमी आणि निर्णय यांच्यात पंधरा दिवसांचे अंतर होते, आणि सार्वमत घेतले गेले नाही. घरातले स्वयंपाकघर नव्याने करायचे म्हटले तरी एखादे कुटुंब याहून जास्त दिवस विचार करते.

हे मार्गदर्शन अशा पंधरा दिवसांसाठी लिहिले आहे. अटलांटा, डॅलस, कॅन्सस सिटी, लास वेगास यांसारख्या शहरांत आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना अद्याप मताधिकार नसतो, त्यामुळे स्टेडियमचा वाद हा आपला विषय नव्हे असे त्यांना वाटते. मात्र दुकानातील खरेदीवर विक्रीकर ते भरतात, घर घेतले की दरवर्षी मालमत्ता कर भरतात, आणि सामन्याच्या संध्याकाळी त्याच महामार्गावर गाडीत अडकून बसतात. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार असतो, आणि तो कसा विचारावा हे शिकण्यासारखे आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करावेत

स्टेडियमच्या चर्चेत सर्वांत मोठा घोटाळा होतो तो दोन प्रश्नांची गाठ पडल्यामुळे. हा संघ आपल्या शहरात असावा असे मला वाटते का, हा पहिला प्रश्न. तो या अटींवर असावा असे मला वाटते का, हा दुसरा. कराराचे समर्थन करणारे पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावतात, आणि कोणी अटींविषयी शंका काढली की तो खेळाचा शत्रू ठरतो. विरोध करणारेही कधी कधी हीच चूक उलट बाजूने करतात आणि संघावर जीव लावणाऱ्या माणसाला भोळा समजतात.

प्रस्तावाची पहिली बातमी वाचताच हे दोन प्रश्न एका कागदावर लिहून काढावेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी लिहावीत. हा उपाय किरकोळ वाटेल, पण पुढच्या प्रत्येक चर्चेत तो उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या लोकांनी हा भेद फार स्पष्टपणे दाखवून दिला होता. त्यांचा संघ लास वेगासला नेण्याचे घाटत असताना, १३ जून २०२३ रोजी, एरवी ओस पडणाऱ्या मैदानावर २७,७५९ प्रेक्षक ठरवून जमले आणि संघ विकून टाका अशी मालकाकडे मागणी करत राहिले. संघावरचे प्रेम आणि मालकाच्या व्यवहारावरचा राग एकाच घोषणेत ऐकू येत होता. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक मदतीला मंजुरी दिली. ओकलंडमधील शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. संघ गेला म्हणून त्या प्रेक्षकांनी आपले म्हणणे मांडले ते व्यर्थ होते, असे मला वाटत नाही. शहराच्या भावनेची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने करून ठेवली.

पैसा कोणत्या वाटेने येतो ते शोधावे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. स्टेडियमचा एकूण खर्च, त्यातील सार्वजनिक वाटा आणि तो वाटा कर्जाने उभा राहणार की रोखीने, हे तीन आकडे बातम्यांत सहसा मिळतात. खरी माहिती मात्र सामंजस्य करारात, कर्जरोख्यांच्या ठरावात आणि संघाबरोबरच्या भाडेकरारात असते. ही कागदपत्रे आयुक्त मंडळाच्या किंवा नगर परिषदेच्या बैठकीच्या विषयपत्रिकेसोबत जोडलेली असतात. नसतील तर सार्वजनिक नोंदींच्या कायद्यानुसार लेखी अर्ज करून मागवता येतात. विषयपत्रिका बैठकीच्या थोडेच दिवस आधी प्रसिद्ध होत असल्यामुळे ती ज्या दिवशी येईल त्याच दिवशी उतरवून घ्यावी आणि तीन-चार जणांत पाने वाटून वाचावी.

वाचताना सर्वांत आधी ‘नवा कर लागणार नाही’ या वाक्याचा अर्थ तपासावा. कॉबमध्ये हे आश्वासन दिले गेले होते, आणि घरमालकांच्या कराचा दर स्टेडियमसाठी वाढवला गेला नाही या अर्थाने ते खरेही होते. परंतु काउंटीच्या जुन्या कर्जाची परतफेड संपत आल्यामुळे मालमत्ता कराचा जो हिस्सा मोकळा होणार होता, तो लोकांना परत मिळण्याऐवजी स्टेडियमच्या कर्जाकडे वळवण्यात आला. त्याच्या जोडीला भाड्याच्या गाड्यांवर कर, हॉटेलच्या खोल्यांवर प्रतिरात्र शुल्क आणि स्टेडियमच्या परिसरातील व्यापारी मालमत्तांवर विशेष कर बसवला गेला. टेक्सासमधील आर्लिंग्टन शहरातही असेच झाले. तेथे अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमसाठी २००४ साली मतदारांनी मान्य केलेला अर्धा टक्का विक्रीकर चालू होता. ते कर्ज फिटत आले तेव्हा तोच कर पुढे बेसबॉल स्टेडियमसाठी चालू ठेवण्याचा प्रस्ताव मांडला गेला. संपणारा कर न संपू देणे आणि नवा कर लावणे यांत करदात्याच्या खिशाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा: हा प्रस्ताव मंजूर झाला नाही तर माझा कर किती कमी होईल, किंवा तेवढ्या पैशात काउंटी दुसरे काय करू शकेल? वाचनालय, उद्याने, पोलीस आणि रस्तेदुरुस्ती ही सर्व कामे त्याच तिजोरीतून होत असतात.

यानंतर माणशी हिशेब करावा. २०१३ साली कॉबची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास होती. ३० कोटी डॉलरला तिने भागले की लहान मुलांसकट प्रत्येकी सव्वाचारशे डॉलरच्या आसपास आकडा येतो, म्हणजे चौघांच्या कुटुंबामागे सुमारे सतराशे डॉलर. हा आकडा केवळ मुद्दलाचा आहे. काही भार हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांवर पडतो हे मान्य करून तो थोडा कमी धरावा, आणि व्याज मिळवून पुन्हा वाढवावा. कोट्यवधींच्या आकड्यापुढे माणूस गप्प होतो, पण कुटुंबामागे सतराशे डॉलर म्हटले की जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू होते.

व्याजाचा भाग हलक्याने घेऊ नये. मायामीचे स्टेडियम २०१२ साली उघडले. त्याच्या उभारणीसाठी काढलेल्या कर्जांपैकी ९.१ कोटी डॉलरच्या एका कर्जरोख्याची परतफेड सुरुवातीची अनेक वर्षे पुढे ढकलण्यात आली होती, आणि त्यामुळे २०४८ पर्यंत त्यावर एकूण सुमारे १२० कोटी डॉलर भरावे लागतील असा हिशेब प्रसिद्ध झाला. कर्जरोख्यांच्या ठरावात परतफेडीचे वर्षनिहाय वेळापत्रक असते. त्यातील शेवटचे वर्ष आणि एकूण बेरीज हे दोन आकडे पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाला होकार देऊ नये. त्या शेवटच्या वर्षी आपली मुले किती वर्षांची असतील, हेही मनाशी मोजावे.

भाडेकरारात पाच-सहा गोष्टी आवर्जून शोधाव्यात. बांधकामाचा खर्च वाढला तर तो कोण भरणार? आर्लिंग्टनने शहराचा वाटा ५० कोटी डॉलरपर्यंत मर्यादित ठेवला होता, आणि एकूण खर्च पुढे सुमारे १२० कोटी डॉलरवर गेला तेव्हा वरचा भार संघावर पडला. ही अट शहराच्या हिताची होती, आणि विरोधकांनीही तिचे श्रेय द्यायला हवे. तेथेच तिकिटांवर आणि पार्किंगवर कर बसवून ती रक्कम संघाच्या वाट्यातील खर्चासाठी वापरण्याची मुभाही होती. अशी तरतूद दिसली की ‘संघ अर्धा खर्च करणार’ या वाक्यातील अर्धा नेमका कोणाचा, हे पुन्हा मोजावे. स्टेडियमला एखाद्या बँकेचे किंवा कंपनीचे नाव देण्याच्या हक्काचे पैसे कोणाला मिळणार, सामने नसतात त्या दिवशीच्या कार्यक्रमांचे उत्पन्न कोणाचे, मोठी दुरुस्ती कोणी करायची, सामन्याच्या दिवशी वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसांच्या जादा तासांचे वेतन कोण देणार, हेही त्यातच सापडते.

आणि एक कलम विसरू नये: संघ विकला गेला तर काय. मायामीत स्टेडियम उभे राहिल्यावर संघाच्या मालकाने २०१७ साली संघ १२० कोटी डॉलरना विकला. नफ्यातील काही वाटा सार्वजनिक तिजोरीला मिळावा असे कलम करारात होते, पण नफा मोजायचा कसा यावर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २०२१ साली ४२ लाख डॉलरवर तडजोड झाली. कलम असणे आणि त्याची व्याख्या पक्की असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘नफा’ हा शब्द जेथे येईल तेथे त्याची व्याख्या कोणत्या पानावर आहे ते शोधावे, आणि ती सापडली नाही तर बैठकीत तेवढाच एक प्रश्न विचारावा.

फायद्याच्या आकड्यांकडे कसे पाहावे

प्रस्तावासोबत बहुधा एक आर्थिक अहवाल असतो आणि त्यात रोजगार, पर्यटन व करउत्पन्न यांचे मोठे आकडे असतात. अहवाल कोणी तयार केला आणि त्याचे शुल्क कोणी दिले हे प्रथम पाहावे. त्यानंतर एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी: मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नियमित हंगामात संघ घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. वर्षाचे उरलेले बहुतेक दिवस ती वास्तू बंद किंवा निमभरलेली असते. शिवाय सामन्याला येणारे बहुसंख्य लोक त्याच परिसरातील असतात. त्यांनी तिकीट, पार्किंग आणि खाण्यावर खर्च केलेले पैसे नाहीतर गावातल्या दुसऱ्या उपाहारगृहात, चित्रपटगृहात किंवा दुकानात गेलेच असते. खर्चाची जागा बदलली म्हणजे उत्पन्न वाढले असे होत नाही. सार्वजनिक अनुदानाचा खर्च स्थानिक फायद्यापेक्षा जास्त होतो, या मुद्द्यावर अमेरिकी अर्थतज्ज्ञांत दुर्मीळ असे एकमत आहे.

कॉबचा दावा थोडा निराळा होता, म्हणून तो न्यायाने ऐकला पाहिजे. तेथे स्टेडियमला लागूनच संघाने द बॅटरी नावाची वसाहत उभारली, ज्यात दुकाने, उपाहारगृहे, घरे, हॉटेल आणि कचेऱ्या आहेत. त्यामुळे सामना नसतानाही तेथे वर्दळ असते. स्टेडियमभोवतीच्या कंबरलँड भागातील मालमत्तांचे मूल्य वाढले आणि शाळांच्या तिजोरीत भर पडली, असे समर्थक सांगतात. केनेसॉ स्टेट विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांनी या सर्वांचा हिशेब मांडून २०२२ साली असा निष्कर्ष काढला की वाढलेले उत्पन्न धरूनही काउंटीला दरवर्षी सुमारे दीड कोटी डॉलरची तूट येते. काउंटीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. वाचकाने दोन्ही बाजूंना एकच प्रश्न लावून पाहावा: हे स्टेडियम आले नसते तर त्या जागी आणि त्या भागात काहीच वाढ झाली नसती, असे तुम्ही धरले आहे का? दोन मोठे महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, अशा जागेवरचे रान कायम रिकामे राहिले असते असे मानणे कठीण आहे.

तरीही, सर्व गोष्टी डॉलरांत मोजता येतात असे मी म्हणणार नाही. २०२१ साली ब्रेव्ह्जनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली, तेव्हा विजयाची मिरवणूक अटलांटाच्या मध्यभागातून निघून कॉबमधील स्टेडियमवर येऊन संपली. ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून मुलांना खांद्यावर घेतले त्यांच्या आनंदाला किंमत आहे. हा आनंद विकत घेण्यासाठी आपण वर्षाला किती द्यायला तयार आहोत, असा प्रामाणिक प्रश्न विचारता येतो, आणि ‘हो, एवढे देईन’ असे उत्तर देणारा शेजारी चूक आहे असे म्हणता येत नाही. मात्र त्याने आनंदाचा खर्च गुंतवणूक म्हणून मांडू नये.

शेजाऱ्यांचे मत कसे ऐकावे

शहराला काय वाटते, हे एखाद्या जनमत चाचणीच्या टक्केवारीवरून ठरवू नये. ‘संघ शहरात राहावा असे वाटते का’ या प्रश्नाला एक उत्तर येते आणि ‘त्यासाठी तुमच्या करातून पैसे द्यावेत का’ या प्रश्नाला दुसरे. म्हणून स्वतः फिरून, निदान आठ-दहा जणांशी बोलावे, आणि ती माणसे एकाच कचेरीतील किंवा एकाच मंडळातील नसावीत. स्टेडियमच्या जागेपासून चालत पोहोचता येईल अशा घरात राहणारा, तेथे भाड्याने दुकान चालवणारा, हॉटेलात पाळीवर काम करणारा, बसने प्रवास करणारा, दर आठवड्याला सामना पाहणारा आणि आयुष्यात एकही सामना न पाहिलेला, असे निरनिराळे लोक शोधावेत. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी: हे झाल्याने तुमच्या मंगळवारच्या संध्याकाळीत काय बदलेल? ‘तुमचा पाठिंबा आहे का’ असे विचारले की माणूस बाजू घेतो; दिनक्रम विचारला की तो माहिती देतो.

ज्या गावातून संघ निघून जाणार आहे तेथील लोकांशीही बोलावे. अटलांटातील समरहिल, पीपल्सटाउन आणि मेकॅनिक्सव्हिल या वस्त्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९६५ साली तेथे पहिले मोठे स्टेडियम उघडले. त्यासाठी आणि महामार्गांसाठी मुख्यतः कृष्णवर्णीयांची घरे हटवली गेली होती. नंतर १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मैदानाचे टर्नर फील्ड झाले आणि ब्रेव्ह्ज तेथे १९९७ पासून २० हंगाम खेळले. एवढ्या काळात भोवताली वाढली ती मुख्यतः गाड्या लावण्याची मोकळी मैदाने. संघ गेल्यावर ती जागा जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने आणि विकासकांनी घेतली, आणि समरहिलच्या जुन्या पेठेत पुन्हा दुकाने व उपाहारगृहे उघडली. जुन्या रहिवाशांसाठी त्यात समाधान आहे आणि वाढत्या घरभाड्याची धास्तीही आहे. स्टेडियम आल्याने वस्ती फुलते असे जेव्हा कोणी सांगेल, तेव्हा समरहिलचे उदाहरण पुढे ठेवावे.

मतदानाचे निकाल हा मत समजण्याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो, पण तोही नीट वाचावा लागतो. आर्लिंग्टनमध्ये नोव्हेंबर २०१६ च्या सार्वमतात छत असलेल्या नव्या बेसबॉल स्टेडियमला सुमारे ६० टक्के मतदारांनी होकार दिला. टेक्सासच्या उन्हात दुपारचा सामना पाहणे किती अवघड असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना उघड-मीट करणाऱ्या छताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जुने स्टेडियम १९९४ चे, म्हणजे अजून धडधाकट होते, हा विरोधकांचा मुद्दाही खराच होता. उलट मिझुरीतील जॅक्सन काउंटीत, जेथे कॅन्सस सिटीचे संघ खेळतात, २ एप्रिल २०२४ रोजी सुमारे ५८ टक्के मतदारांनी नकार दिला. तो नकार केवळ बेसबॉलला नव्हता. त्या प्रस्तावात फुटबॉलचा संघही होता, कर चाळीस वर्षांचा होता, आणि बेसबॉल स्टेडियमची शहरातील क्रॉसरोड्स या भागातील जागा मतदानाच्या जेमतेम सात आठवडे आधी जाहीर झाल्याने तेथील लहान व्यावसायिक धास्तावले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८७ आणि १९८९ साली स्टेडियमचे प्रस्ताव फेटाळले, आणि १९९६ साली संघाने जवळजवळ सर्व खर्च खासगी पैशातून करण्याची तयारी दाखवल्यावर त्याच मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. ते स्टेडियम २००० साली उघडले. नकार हा वाटाघाटीचा शेवट असतोच असे नाही, हे त्या शहराने सिद्ध केले.

जेथे सार्वमत होत नाही तेथे लोक पुढच्या निवडणुकीत बोलतात. मायामी-डेड काउंटीच्या महापौरांना मार्च २०११ मध्ये मतदारांनी जवळजवळ ८८ टक्के मतांनी मुदतीआधीच पदावरून हटवले. त्यामागे मालमत्ता करातील वाढ आणि कर्मचाऱ्यांची वेतनवाढ हीदेखील कारणे होती, म्हणून सर्व राग स्टेडियमच्या खात्यावर मांडू नये. कॉबमध्ये हा करार घडवून आणणारे आयुक्त मंडळाचे अध्यक्ष टिम ली २०१६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पराभूत झाले. पहिल्या मतदानात विरोधात एकमेव मत देणाऱ्या लिसा क्युपिड २०२० साली त्याच मंडळाच्या अध्यक्ष म्हणून निवडून आल्या.

सुनावणीत बोलताना

२७ मे २०१४ रोजी कॉबच्या आयुक्त मंडळापुढे स्टेडियमचे अंतिम करार आले, तेव्हा जनतेतून बोलण्यासाठी बारा जागा होत्या. समर्थक लवकर येऊन रांगेत उभे राहिले आणि सर्व बारा जागा त्यांनी भरल्या. विरोध करणाऱ्यांना बोलायला मिळाले नाही. बोलू द्यावे असा आग्रह धरणाऱ्या काहींना सभागृहाबाहेर नेण्यात आले, आणि करार पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ही घटना मनाला लागते, परंतु तिच्यातून पहिला व्यावहारिक नियम मिळतो: बोलण्यासाठी नाव कसे, कोठे आणि किती वाजल्यापासून नोंदवता येते हे काउंटीच्या सचिवालयात दूरध्वनी करून आधी विचारून घ्यावे, आणि दार उघडण्यापूर्वी तेथे हजर राहावे. लेखी निवेदन स्वीकारले जात असेल तर तेही आदल्या दिवशी द्यावे, म्हणजे बोलायला मिळाले नाही तरी नोंद राहते.

बहुतेक ठिकाणी बोलण्यासाठी नागरिकत्वाची अट नसते. नाव आणि राहण्याचा भाग सांगावा लागतो. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला सार्वजनिक व्यासपीठावर उभे राहताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी नियम आधी वाचून खात्री करून घ्यावी, आणि नियम परवानगी देत असतील तर शांतपणे बोलावे. वेळ दोन-तीन मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात करारातील पान क्रमांकासह एक वस्तुस्थिती, तिच्यातून निघणारा एक प्रश्न आणि एक ठोस मागणी मांडता येते. उदाहरणार्थ, परतफेडीचे शेवटचे वर्ष सांगावे, त्या वर्षापर्यंतचे एकूण व्याज किती ते विचारावे, आणि ते उत्तर लेखी मिळेपर्यंत मतदान दोन आठवडे पुढे ढकलावे अशी मागणी करावी. पुढे ढकलण्याची मागणी समर्थकालाही करता येते, आणि तशी त्याने केली तर ती अधिक वजनदार ठरते. घरात मराठीत लिहून काढावे, मग इंग्रजीत उतरवावे, आणि घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचावे. स्थानिक मराठी मंडळातील पाच जण बोलणार असतील तर पाचांनी पाच वेगळे मुद्दे घ्यावेत. एकच मुद्दा पाचदा ऐकणाऱ्या आयुक्ताचे लक्ष दुसऱ्यांदाच उडते.

वाहतुकीचा मुद्दा मांडताना जुना इतिहास माहीत असावा. कॉबच्या मतदारांनी १९६५ साली अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेत सामील होण्यास नकार दिला होता, त्यामुळे टर्नर फील्डपेक्षाही नव्या स्टेडियमला पोहोचणे गाडी नसलेल्यांना कठीण झाले. नोव्हेंबर २०२४ मध्येही वाहतुकीसाठीचा विक्रीकर त्यांनी फेटाळला. आर्लिंग्टनमध्येही ठरावीक मार्गाच्या शहर बससेवा नाहीत. अशा ठिकाणी ‘पार्किंगची सोय करा’ एवढे म्हणणे अपुरे आहे. सामना संपल्यावर रात्री साडेदहाला उपाहारगृहातून सुटणारा कामगार घरी कसा जाईल, हे विचारावे.

भाडेकरार संपल्यानंतरचे पान

करारातील शेवटची काही पाने बहुतेक जण वाचत नाहीत, आणि मला स्वतःला तीच सर्वांत महत्त्वाची वाटतात. टर्नर फील्ड २० हंगामांत मागे पडले, आर्लिंग्टनचे जुने स्टेडियम २६ हंगामांत. करार संपला किंवा मोडला तर इमारत कोणाची, पाडण्याचा खर्च कोणाचा आणि जमिनीचा पुढचा उपयोग ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे तेथे लिहिलेले असते किंवा लिहायचे राहून गेलेले असते.

आर्लिंग्टनच्या शेजारीच ग्रँड प्रेरी नावाचे शहर आहे. तेथे २००८ साली उघडलेले एक लहान बेसबॉल मैदान होते. तेथील संघ बंद पडला, आणि मैदान शहराच्या मालकीचे असल्यामुळे त्याचे काय करायचे हे शहराला ठरवता आले. त्याचे रूपांतर क्रिकेटच्या मैदानात करण्यात आले, २०२३ साली तेथे मेजर लीग क्रिकेटचा पहिला सामना झाला, आणि ६ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने तेथेच पाकिस्तानविरुद्धचे सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला विजय मिळवून दिला. त्या दिवशी डॅलस परिसरातील किती तरी मराठी घरांत आनंदाला उधाण आले होते, आणि तो आनंद ज्या गवतावर घडला ते मूळचे बेसबॉलसाठी तयार केलेले होते. आपल्या शहराच्या प्रस्तावात जमिनीची मालकी शहराकडे राहते का, हे म्हणूनच सहीपूर्वी पाहून घ्यावे. राहत नसेल तर त्या पानावर खूण करावी आणि सुनावणीच्या आपल्या तीन मिनिटांत सर्वांत आधी तोच मुद्दा घ्यावा.